संगीत नाटकाची मुद्रिका घरबसल्या कशी ऐकावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात बघा, कपाटाच्या वरच्या खणात कॅसेटींचा एखादा डबा सापडतोच. अभंगवाणी, एखादं कीर्तन, आणि मधेच दोन-चार ‘नाट्यगीतं’. तो डबा आता कुणी उघडत नाही, कारण सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं हे खरंच. पण तिथं नाटकाचे तुकडे करून ठेवलेत. ‘घेई छंद’ संपलं की ‘नाथ हा माझा’, त्याच्या पाठोपाठ कुठलंसं चित्रपटगीत. गाणी कानावरून जातात, नाटक काही हाती लागत नाही.

ते हाती लागावं म्हणून हा खटाटोप. संगीत नाटकाची मुद्रिका, म्हणजे ध्वनिमुद्रण, ऐकताना एकच प्रश्न सतत समोर ठेवायचा: हे पद, म्हणजे नाटकातलं गाणं, कोण म्हणतंय, कुणापुढे, आणि कशासाठी? राग ओळखता आला नाही, तानेतलं काही कळलं नाही, तरी बिघडत नाही. ते मागाहून येतं.

आपल्या भागाला तर हे ऐकणं परकं नाहीच. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात ते शिक्षक होते, आणि पुढे ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तिथले त्यांचे विद्यार्थी. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्याच्याही आधी उत्तर कन्नडातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली, तसं काही मराठीत व्हावं असं सांगलीच्या राजेसाहेबांना वाटलं आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. कुंदगोळचे रामभाऊ ‘सवाई गंधर्व’ झाले तेही मराठी संगीत रंगभूमीवर गाऊनच. सीमेचा वाद कागदावर चालू राहील. नाट्यसंगीतानं ती रेघ फारशी कधी जुमानलेली नाही.

कुठल्या नाटकानं सुरुवात करावी

बहुतेक जाणकार ‘सौभद्र’ सांगतात. माझा सल्ला वेगळा आहे. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं, त्यातली भाषा आणि पदांची संख्या दोन्ही नवख्याला दमवतात. बालगंधर्वांच्या मूळ ध्वनिमुद्रिकांनी तर मुळीच सुरुवात करू नका. खरखरीतून वाट काढता काढता माणूस कंटाळतो आणि ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून बंद करतो.

‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक २४ डिसेंबर १९६७ ला रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. गोष्टच दोन घराण्यांच्या गायकीची, त्यामुळे माणसं गातात का, हा प्रश्न पडतच नाही. भाषा आजची. शिवाय झरीनाची भूमिका करणाऱ्या फैयाज बेळगावच्या लोकांना ओळखीच्या: २०१५ साली इथं भरलेल्या ९५ व्या नाट्य संमेलनाच्या त्याच अध्यक्षा होत्या.

घरात हसरं काही हवं असेल तर ‘संशयकल्लोळ’. गंभीर, पण मोकळ्या चालींचं हवं असेल तर वसंत कानेटकर आणि अभिषेकी यांचं १९६४ चं ‘मत्स्यगंधा’. ‘सौभद्र’ त्यानंतर, आणि ‘स्वयंवर’ सगळ्यात शेवटी.

मुद्रिकेची जात ओळखा

बाजारात आणि इंटरनेटवर ‘नाट्यसंगीत’ या एकाच पाटीखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली जात ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाटकगृहात वन्समोर घेत घेत जे पद पंधरा-वीस मिनिटं रंगायचं, ते गायकानं या तीन मिनिटांत कोंबलेलं असतं. तेव्हा प्रेक्षकांनी जे ऐकलं तेच आपण ऐकतोय असं समजू नये. आपल्या हाती आहे तो त्याचा अर्क. दुसरी जात एलपी आणि कॅसेटवरच्या संक्षिप्त नाटकांची. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यामुळे निवडक प्रवेश, थोडे संवाद आणि पदं अशी जुळणी करता येते. तिसरी जात आकाशवाणीवरच्या नाटकांची. इथं संवाद भरपूर असतात आणि ती कानांसाठीच बसवलेली असल्यामुळे गोष्ट सुटत नाही. नाटक म्हणून ऐकायला हीच सर्वांत सोयीची.

राहिलं ते मैफलीत किंवा स्टुडिओत नंतरच्या गायकांनी गायलेलं नाट्यगीत. ते सुंदर असेल, पण ती नाटकाची मुद्रिका नव्हे. ओळखायचं कसं? कव्हरवर किंवा माहितीत नुसती गायकांची नावं आहेत की ‘भूमिका’ म्हणून पात्रांची नावं दिली आहेत, ते बघा. मधे संवाद आहेत का, पदं नाटकाच्या क्रमानं आहेत का, हेही. ‘कट्यार’ शोधताना तर हमखास २०१५ चा चित्रपट वर येतो. त्यात नव्या संगीतकारांची नवी गाणीही आहेत. जुनी आणि नवी एकाच यादीत मिसळली की सगळा गोंधळ.

ऑनलाइन यादीत गायकाचं नाव पुष्कळदा चुकीचं असतं. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर पदाचे शब्द, नाटक, संगीतकार, गायक आणि बहुतेक वेळा रागही दिलेला असतो. तिथं एकदा ताळा करून घ्यावा.

घरच्या कॅसेटी वापरणार असाल तर आधी त्या उन्हात नव्हे, उजेडात धरून बघा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात वर्षानुवर्षं राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, हेड खराब होतो. टेप स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला साधी ऑडिओ वायर जोडून ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. आवाजाची पातळी कमीच ठेवा. तार सप्तकातली तान आली की काटा लाल व्हायला वेळ लागत नाही आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, फोनसाठी एमपी३ वेगळी काढा. फाइलला नाव देताना नाटक, अंक, पद आणि गायक एवढं घाला. ‘ट्रॅक ०७’ असं ठेवलंत तर पुन्हा तोच डबा झाला.

पुस्तकाशिवाय बसू नका

जुन्या नाटकांची संहिता मिळवणं अवघड नाही. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही आणि त्यांच्या जुन्या छापील प्रतींची स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. बेळगावात राहणाऱ्यांना सार्वजनिक वाचनालय आहेच. १८४८ सालची संस्था, जुन्या नाटकांची चौकशी करायला याहून योग्य जागा कुठली? ‘कट्यार’सारखी नंतरची नाटकं मात्र विकत किंवा वाचनालयातूनच घ्यावीत.

पुस्तक कशाला, याचं उत्तर ‘संशयकल्लोळ’ देतं. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीजवळची तसबीर खाली पडलेली असते, ती कृत्तिका उचलते. आता परपुरुषाची तसबीर बायकोच्या हातात फाल्गुनराव बघतो. अख्खं नाटक या एका तसबिरीवर उभं आहे, आणि मुद्रिकेत तसबीर दिसत नाही! पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही. रंगसूचना आधी वाचली नसेल तर पुढचा तासभर ही माणसं एकमेकांवर का ओरडतायत याचा पत्ता लागत नाही.

म्हणून बसण्यापूर्वी त्या अंकाच्या रंगसूचना आणि पात्रांची ये-जा तेवढी नजरेखालून घाला. संवाद आधी वाचू नका, विनोद वाया जातो. मुद्रिकेत असलेल्या पदांवर पेन्सिलीनं खूण करा. गाळलेल्या जागा आपोआप दिसतात. ऑनलाइन पदं सुटी मिळाली असतील तर याच खुणांवरून क्रम लावून स्वतःची यादी बनवा. दहा मिनिटांचं काम आहे.

साधनाबद्दल थोडक्यात

फोनच्या स्पीकरवर ऑर्गनचा खर्ज आणि तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीसे होतात. साधा हेडफोन किंवा जुने दोन लाकडी स्पीकर पुरेत. ‘बेस बूस्ट’ वगैरे जे काही असेल ते बंद करा. जुन्या तबकडीची खरखर घालवायला वरचे स्वर फार कापलेत तर खरखरीबरोबर स, श, च ही व्यंजनंही जातात आणि शब्द कळेनासे होतात, खरखर सोसावी. एखादी जुनी मुद्रिका अस्वाभाविक चढी आणि घाईची वाटली तर ती बहुधा तबकडीवरून उतरवून घेताना वेग चुकल्यामुळे. वेगाबरोबर स्वरही उतरेल अशा ॲपमध्ये तो किंचित कमी करून बघा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर अंक आधी डाउनलोड करून ठेवावा, एवढंच.

पहिली बैठक

एका बैठकीत एक अंक. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही, पद लांबलं म्हणून पुढे ढकलायचं नाही. पुस्तक मांडीवर असू द्या, पण ओळ सुटली तर सुटू द्या. नांदीही टाळू नका. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही मुळात ‘शाकुंतल’ची नांदी; पुढे ती कुठल्याही संगीत नाटकाआधी म्हणायची प्रथा पडली. प्रेक्षक गप्प होतात ते या वेळी. घरातल्यांनाही तोच इशारा समजावा.

या फेरीत एवढंच टिपा: संवाद संपून गाणं सुरू होतं तो क्षण कसा येतो? चांगल्या नटाचा आवाज शेवटच्या वाक्यातच स्वराकडे झुकायला लागतो. वाईट नट बोलणं संपवतो, घसा साफ केल्यासारखा थांबतो आणि मग ‘गायला’ लागतो.

जुन्या नाटकात साकी-दिंडी आणि पद यांतला फरकही याच फेरीत जाणवतो. साकी किंवा दिंडी आली की निरोप दिला जातो, हकीकत सांगितली जाते, गोष्ट पुढे सरकते. ती दोन-चार ओळींत उरकते. पद आलं की गोष्ट थांबते आणि पात्र मनातलं उघडं करतं. रंगसूचनेत ‘दिंडी’ दिसली की कान टवकारा, माहिती येणार आहे.

पद उलगडताना

दुसऱ्या फेरीत मात्र हवं तितकं मागे-पुढे करा. आधी पद गद्यासारखं वाचा, कर्ता-कर्म-क्रियापद लावा. मग ऐका. मग पदाआधीचे दोन संवाद जोडून पुन्हा ऐका.

‘कट्यार’मधल्या ‘घेई छंद मकरंद’वर हे करून बघण्यासारखं आहे. हे पद नाटकात दोन चालींत येतं. पंडितजींच्या, म्हणजे खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गायकाच्या, तोंडी ते सालगवराळी रागात, संथ, प्रत्येक शब्दाला हात लावत लावत जाणारं. खाँसाहेबांच्या तोंडी तेच शब्द धानी रागात, झपाट्यानं, तानांच्या फेकीत. दोन्ही मागोमाग लावा. पहिल्यात ‘मकरंद’ हा शब्द कुठे ठेवलाय ते बघा, दुसऱ्यात तो कसा उडवून दिलाय ते बघा. दोन घराण्यांत भांडण कशाचं, हे सांगायला नाटककाराला वेगळा संवाद लागत नाही. भांडण चालीतच आहे. आणि आपण काय करतो? खाँसाहेबांचं धानीतलं पद तेवढं ‘आवडती गाणी’त टाकतो, दुसऱ्याला हातही लावत नाही. अर्धं नाटक तिथंच गेलं. याच नाटकातलं ‘या भवनातील गीत पुराणे’ घ्या. मैफलीत ते नुसतं जुन्या वैभवाचं गाणं वाटतं. नाटकात घर कुणाचं होतं आणि आता कुणाचं झालंय हे माहीत असेल तर ते बोचतं.

‘सौभद्र’मधलं ‘नच सुंदरि करूं कोपा’ हेही तसंच. रेडिओवर ऐकून ऐकून ते प्रियकराचं आर्जव म्हणून आपल्या डोक्यात बसलंय. नाटकात ते म्हणतो कृष्ण, रुसलेल्या रुक्मिणीपुढे. आणि हा कृष्ण कोण? दादा बलराम सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघालेत, अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन दारात आलाय आणि या सगळ्या कारस्थानाच्या दोऱ्या ज्याच्या हातात आहेत तो. हे ठाऊक असलं की आर्जवाखालचा मिश्कीलपणा ऐकू यायला लागतो. गायकानं तो दाखवलाय की नुसता गळा दाखवलाय, हेही लगेच कळतं.

याच कृष्णाचं ‘प्रिये पहा रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा’. राग देसकार, सकाळचा. पूर्वी नाटकं रात्र रात्र चालत, प्रेक्षक पहाटेपर्यंत बसलेले असत; त्यांना हे पद कसं लागलं असेल याचा अंदाज घ्यायचा तर डिसेंबरात एकदा पहाटे साडेपाचला खिडकी उघडून ऐका. ‘थंडगार वात सुटत’ या ओळीला बेळगावात वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

आणखी एक, खास आपल्यासाठी. किर्लोस्करांच्या छापील नाटकात पदाच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा आधार दिलेला असतो. लावण्या, आर्या, कीर्तनातली पदं आणि कन्नड पदंही त्यांत आहेत. महाराष्ट्रातला वाचक ती ओळ ओलांडून पुढे जातो. ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात त्यांनी तिथं थांबावं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, ‘आज्जी, ही चाल कुठं ऐकल्यासारखी वाटत्येय काय गं?’ उत्तर मिळेलच असं नाही. मिळालं तर लगेच फोनवर रेकॉर्ड करा.

मागे वाजतंय ते

तिसऱ्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून साथीकडे कान द्या. ऑर्गन, म्हणजे पायांनी भाता चालवायचा तो, सूर धरून ठेवतोच, शिवाय पात्राला गाण्यात ढकलतो. संवादाच्या शेवटी हळूच षड्ज (सा) भरला जातो तो त्यानंच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा होते. थिरकवांसारखा माणूस पदामागे साधा ठेका धरून बसतो आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत तेवढं काहीतरी करून जातो. ती फट शोधायची.

दोन मुद्रिका शेजारी ठेवून

आता बालगंधर्वांकडे या. ‘स्वयंवर’, १९१६ चं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ‘नाथ हा माझा’ किंवा ‘मम आत्मा गमला’ त्यांच्या मूळ तबकडीवर ऐका. त्यानंतर कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ लावा. कुमारांचा जन्म आपल्या सुळेभावीचा. त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केलेली नाही. आपल्याला काय उमजलं ते गाऊन दाखवलंय. पण दोन्हींत अधिक चांगलं कोण, हा वाद घालू नका. रुक्मिणी, म्हणजे ही पदं म्हणणारं पात्र, कुणाच्या गाण्यात उभी राहते आणि रागाची वाट कुणाच्या गाण्यात अधिक स्पष्ट दिसते, एवढं बघा.

पोरांना घेऊन बसायचं असेल तर

घरात मराठी बोलणारी, पण कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जाणारी मुलं देवनागरी अडखळत वाचतात. त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक देऊन काही व्हायचं नाही. ‘अक्षरमुख’ या संकेतस्थळावर देवनागरी मजकूर टाकला की तो कन्नड लिपीत मिळतो. पदाचे शब्द तसे काढून त्यांना द्या. सगळा अंक नको. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव-कृत्तिकेच्या भांडणाचा एखादा प्रवेश आणि त्याला लागून असलेलं एक पद पुष्कळ झालं. तसबिरीचा घोळ आधी सांगून टाका. पोरं भांडणाला हसतात, गाण्याला कंटाळतात, आणि दुसऱ्या दिवशी चाल गुणगुणतात. कंटाळा आला की बंद करावं, सक्ती केलीत तर कायमचं बंद होईल.

प्रयोगाला जाताना

लोकमान्य रंगमंदिरात किंवा आसपास कुठे, कोल्हापूर-सांगलीला म्हणा, एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर आदल्या आठवड्यात त्याची मुद्रिका ऐकून घ्या, पण आदल्या रात्री नको. ताज्या कानानं गेलं की प्रत्येक तान मुद्रिकेशी ताडून बघण्याचा मोह होतो आणि समोरचा नट बिचारा वसंतरावांशी झुंजत राहतो. शक्य असेल तर ऑर्गनवाला दिसेल अशा बाजूची खुर्ची मागा. मुद्रिकेत गाळलेली पदं इथं भेटतील. घरी पुस्तकात खुणा केल्या असतील तर ती कुठली हे तुम्हाला आधीच माहीत असेल. आणि एखाद्या पदाला वन्समोर मिळाला तर दुसऱ्या खेपेला गायक काय बदलतो ते नीट ऐका, कारण तबकडीवर ते कुठेच सापडत नाही.